आखाडातले तीन दिवस

माझ्या नवऱ्याला हे शेवटपर्यंत कळलं नाही, आता तो गेला. लेकीला ठाऊक नाही, आणि तिला कळावं असं मला वाटतही नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही — म्हणूनच बहुतेक तुम्हाला सांगायला जमेल. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ आजवर या गोष्टीला वळलेली नाही.

कुठून सुरू करू? आवणीपासून करते.

वेल्ह्याकडे भाताच्या लावणीला आम्ही आवणी म्हणतो. पाठीवर पाऊस, पाय चिखलात, आणि दिवसभर वाकून रोपं खोचायची. जिनं हे केलंय तिला सांगायला नको, आणि जिनं केलं नाही तिला सांगून कळायचं नाही. माझं माहेर भोर गावातलं. सातवीपर्यंत शिकले होते, चिखलात कधी उतरले नव्हते. पासष्टच्या सुमाराला लग्न होऊन विंझरच्या पलीकडे डोंगराखालच्या एका वाडीत आले, आणि पहिल्याच आवणीत माझा गर्व उतरला. गर्व उतरला, कंबरदुखी मात्र राहिली.

आमच्या घरात देवीचा मान होता, त्यामुळे विटाळ फार कडक. इतर घरांतल्या बाया पाळी आली तरी खाचरात उतरायच्या. आमच्या सासूबाईंच्या — आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो — राज्यात ते चालायचं नाही. रोपाला हात लावायचा नाही, चुलीकडे फिरकायचं नाही. गोठ्याशेजारच्या पडवीत घोंगडीवर तीन दिवस बसायचं, भाकरी वरून हातात टाकली जायची. एरवी ती शिक्षाच. पण आवणीत? आवणीत ती सुट्टी होती. दुसऱ्या वर्षी मी पाळी नसतानाच सांगितलं, की मी बाहेरची आहे. कोण बघायला येतंय? तेव्हापासून दर आवणीला मी एकदा खोटी बसायची.

मग भाऊजींचं, म्हणजे माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालं आणि हौसा घरात आली. भोंगवलीची. कामाला वाघीण, आणि मनानं अशी सरळ की खोटं बोलायचं म्हटलं तरी तिला हसू फुटायचं. भाऊजी मुंबईला गिरणीत. सत्तर साली जेठात ते वडलांच्या वर्षश्राद्धाला आले, थोडे दिवस राहिले आणि परत गेले. पुढच्या महिन्यात आवणी लागली. हौसा खाचरातच दोनदा डोळे मिटून उभी राहिली. तिला गरगरत होतं. मीच तिला म्हटलं, बाहेर बस, मीपण बसते. ती भ्याली, मग हसली, मग बसली.

"दोघींची येळ बी एकदमच आली व्हय?" आत्याबाई कुरकुरल्या. पण विटाळापुढे त्यांचाही इलाज नव्हता.

ते तीन दिवस आम्ही पडवीत लोळून काढले. एकमेकींच्या वेण्या घातल्या. आत्याबाईंची चाल कशी, बोलणं कसं याची नक्कल मी करायची आणि हौसा तोंडात पदर कोंबून हसायची. जिला मैत्रीण म्हणावं अशी मला जन्मात एकच मिळाली, आणि तीही त्या तीन दिवसांत. तिच्या पोटात तेव्हाच मूल होतं — हे तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

गौरी-गणपतीपर्यंत ते उघड झालं. आत्याबाई आधी हरखल्या. मग बोटांवर मोजायला लागल्या, आणि मोजता मोजता त्यांचा चेहरा बदलला.

"धाकला जेठात गेला. त्यो गेल्यावर आखाडात ही बाहेर बसली, समद्या वाडीनं बघितलंया. त्यो तर पुन्यांदा आला न्हाई. मंग ह्ये पोटातलं आलं कुठनं?"

हौसानं खरं ते सांगितलं. "आत्याबाई, म्या खोटी बसले व्हते. जाऊबाईस्नी इचारा."

त्यांनी मला विचारलं. मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "मला न्हाई म्हाईत."

तुम्ही म्हणाल, हाच तो गुन्हा. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटून घ्यायचं होतं. पण एवढंच असतं तर मी कधीतरी कुणाला तरी सांगितलं असतं. घाबरलेल्या सुनेच्या तोंडून गेलेला एक शब्द — लोक तो समजून घेतात. माझी कूस पाच वर्षांत उजवली नव्हती. माझ्या नवऱ्यासाठी दुसरी मुलगी बघायची बोलणी घरात माझ्या कानांवर पडतील अशा बेतानं चालायची. त्यात मी वर्षानुवर्षं देवीच्या घरात विटाळाचं सोंग केलंय हे कळलं असतं, तर मला भोरचा रस्ता दाखवला असता. हे सगळं खरं आहे. सबब म्हणून सांगत नाही, कारण पुढे जे केलं त्याला ही सबब पुरत नाही.

आत्याबाई कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या. त्यांनीच तोड काढली. हौसाला बाळंतपणासाठी भोंगवलीला धाडायचं आणि वाट बघायची. शिमग्याच्या आसपास भरल्या दिवसांचं मूल झालं, तर ते जेठातलं, म्हणजे आमचं. त्यापुढे गेलं, किंवा अपुऱ्या दिवसांचं झालं, तर नाही. हौसाचे वडील येऊन तिला घेऊन गेले. जाताना ती माझ्या पाया पडली. मी थोरली, म्हणजे रीतच ती.

शिमग्याला चार दिवस असताना निरोप आला, की मुलगा झाला. भाऊजी सणाला मुंबईहून आलेच होते. आता प्रश्न एवढाच, की मूल भरल्या दिवसांचं की अपुऱ्या. आत्याबाईंनी स्वतः जाणं म्हणजे मान्य केल्यासारखंच. त्या म्हणाल्या, "इंदे, तू जा. बघून ये. तू सांगशील ते खरं."

मी गेले. कापूरहोळला एसटी बदलली, भोंगवलीला पोचले. हौसा बाजेवर होती, खाली शेगडीचा शेक. ती मला बघून रडली नाही, रागावली नाही, त्या "न्हाई म्हाईत"बद्दल एक शब्द बोलली नाही. तिनं मूल उचललं आणि माझ्या ओटीत ठेवलं. चांगलं वजनदार. डोक्यावर दाट जावळ, मांड्यांना वळ्या. मला मूल नव्हतं, पण बाईला एवढं कळायला स्वतःचं मूल लागत नाही. तरी तिनं त्याची मूठ उघडून दाखवली. नखं बोटांच्या बाहेर आली होती.

"बघा, जाऊबाई. आता तुमी डोळ्यांनी बघितलंया. घरी सांगा."

मी सांगेन म्हटलं. ते मनापासूनच म्हटलं होतं, खोटं नव्हतं. परतताना कापूरहोळच्या हॉटेलात चहा पुढ्यात घेऊन मी शब्दसुद्धा जुळवले. आधी मुलाचं सांगायचं, मग आखाडाचं. जे होईल ते होईल.

वाडीत पोचले तेव्हा भाऊजी अंगणातच उभे होते. हातात लाल टोपडं होतं, मुंबईहून आणलेलं. निरोपाआधीच आणलेलं — म्हणजे बघा, त्यांच्या मनात काय होतं. आत्याबाई उंबऱ्यात बसलेल्या.

"वयनी, कसं हाय पोर?"

मी त्या टोपड्याकडे बघितलं. हौसा मुलगा कडेवर घेऊन या अंगणात येणार, आत्याबाई तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकणार, आणि मी मागे उभी राहून बघणार. एवढंच डोळ्यांसमोर आलं. त्या क्षणी भीती नव्हती. भीती असती तर बरं झालं असतं.

"मुठीएवढं हाय," मी म्हटलं. "अपुऱ्या दिवसांचं. नखं बी आल्याली न्हाईत."

हे ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

भाऊजींनी टोपड्याची घडी घातली आणि खिशात ठेवली. वर्षाच्या आत त्यांचं दुसरं लग्न झालं. हौसा भावांच्या घरी राहिली, दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊन तिनं मुलगा वाढवला. मला पुढे लेक झाली. तिच्या बारशाला आत्याबाईंनी भाऊजींनी मागे टाकलेलं ते लाल टोपडं फडताळातून काढून दिलं, आणि मी ते तिला घातलं. हौसाची-माझी गाठ पुन्हा पडली नाही. एकदा भोरच्या बाजारात लांबून दिसली. मी गल्ली बदलली. तिनं मला पाहिलं की नाही, ठाऊक नाही.

एक राहिलं. त्या शिमग्यानंतरच्या आखाडात आवणी लागली, आणि दुसऱ्याच दिवशी मी आत्याबाईंना सांगितलं, की मी बाहेरची आहे. नव्हते. पाठ दुखत होती. त्या बाजूला झाल्या, आणि मी पडवीत जाऊन घोंगडी अंथरली. खुंटीला हौसाची फणी तशीच अडकवलेली होती. मी त्याच फणीनं केस विंचरले आणि आडवी झाले. तिन्ही दिवस मला छान झोप लागली.