मर्लच्या कुंपणावरच्या लाल पाट्या

निवडणूक जवळ आली की डोरीन स्कारचा कोणावरच भरवसा उरायचा नाही. आमच्या विस्कॉन्सिनमधल्या खेड्यात निळ्या पक्षाची कचेरी म्हणजे बंद पडलेलं चपलांचं दुकान, आणि ती चालवायची डोरीन. मी तिच्या शेजारी बसून मतदारांना फोन लावायचे. लाल पक्षाला मत देणारा एक तर फसलेला असतो, नाही तर फसवणारा, असं आम्हा दोघींचं ठाम मत. माझं आजही आहे.

अध्यक्षपदाचं मतदान तोंडावर आलं आणि तिचा संशय थेट घरात शिरला.

"ऑरिन हल्ली टीव्हीवर ओरडत नाही गं," ती म्हणाली. ऑरिन तिचा नवरा. जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला, अबोल माणूस. "त्यांचा उमेदवार भाषण ठोकतोय आणि हा मुकाट सफरचंदं सोलतोय!"

"थकला असेल."

"थकला नाही, फितलाय."

मर्ल टॉलेफसन हा लाल पक्षाचा आमच्या गावातला म्होरक्या. नुकतंच खुब्याचं ऑपरेशन झालेलं, काठीशिवाय उभं राहता येत नव्हतं. तरी त्याच्या कुंपणालगत रोज नवी लाल पाटी उगवत होती. इकडे ऑरिनचा हातोडा गॅरेजमधून नाहीसा झालेला. डोरीनने दोन्ही गोष्टी जुळवल्या.

शनिवारी सकाळी मर्लच्या घरासमोरच्या धान्याच्या कोठाराआड गाडी लावून आम्ही दोघी दबा धरून बसलो. थोड्या वेळाने ऑरिन आला, गुडघ्यांवर बसला आणि पाटी ठोकू लागला.

डोरीन तीरासारखी सुटली. "लाज नाही वाटत?"

"मर्लला वाकता येत नाही," ऑरिन म्हणाला. "पाटी ठोकली मी. मत नाही ठोकलं."

ओसरीवरून मर्ल ओरडला, "डोरीन, कॉफी घेणार का?"

"तुझ्या घरचं पाणीसुद्धा नको!"

मतदानाच्या दिवशी तर कहरच झाला. नगरभवनाबाहेर डोरीनचीच गाडी येऊन थांबली, मागे आमचं निळं स्टिकर, आणि आतून काठी टेकत उतरला मर्ल.

"शत्रूचं मत घरपोच आणलंस?" गाडी चालवत आलेल्या ऑरिनला ती दात-ओठ खात म्हणाली.

"तूच फोनवर सगळ्यांना सांगत होतीस ना, ज्याला गाडी नाही त्याला मतदानाला न्या म्हणून?"

"आपल्या माणसांना रे! आणि तू? तू कुणाला देणार?"

"आत आडोसा कशासाठी केलाय गं?" म्हणत तो आत गेला.

आमचा माणूस पडला. दुसऱ्या दिवशी कचेरी आवरताना डोरीन खोके भरत होती. मग म्हणाली, "सकाळी ऑरिनचे डोळे सुजले होते. मी म्हटलं, मर्लकडे जल्लोषाला गेला होतास ना? तर म्हणतो, कांदा चिरत होतो."

"मग चिरला असेल."

"केराची टोपली उपसून बघितली मी. एक साल नाही कांद्याचं."

हातातला खोका तसाच टाकून तिने कोट चढवला आणि उरलेलं मला आवरायला सांगून ती घरी गेली.