पालकांना घेऊन भेटावे

माझ्या सासऱ्यांना मी नापास केलं, तेव्हा ते बैठकीत सोयरीक जुळवत बसले होते.

त्यात माझा काही वाईट हेतू नव्हता. (हे वाक्य मी घरात इतक्यांदा म्हटलं आहे, की आता ते कुणी ऐकूनही घेत नाही.)

झालं असं, की माजलगावच्या ज्या कॉलेजात मी भूगोल शिकवतो, तिथे ऑनलाइन शिकवण्याची एक प्रणाली आली. धडे त्यात टाकायचे, चाचण्या त्यातच घ्यायच्या, गुणही तीच देणार. प्राचार्य म्हणाले, "सर, तुम्ही सतत मोबाइलमध्ये असता. शनिवारी सगळ्या प्राध्यापकांना चार टिपा द्या." मी मोबाइलमध्ये सतत क्रिकेटचा स्कोअर बघत असतो, हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

टिपा द्यायच्या तर आधी आपल्याला आलं पाहिजे. म्हणून मी 'सराव वर्ग' नावाचा एक वर्ग उघडला. वर्गाला विद्यार्थी लागतात. मोबाइलमधले जे नंबर हाताशी होते ते भरले: बायको वर्षा, मेहुणा प्रमोद आणि शिरूर कासारचे माझे सासरे, ज्यांना सगळं गाव बप्पा म्हणतं. बप्पा गावचे माजी सरपंच. त्यांच्यासमोर अजूनही कुणी खुर्चीत मागे टेकून बसत नाही. त्यांना मी विद्यार्थी केलं, तेही न विचारता. मग एक चाचणी टाकली, मुदत घातली, आणि पुढे बटणांची भलीमोठी रांग आली. कुठलं कशाचं ते कळेना, म्हणून सगळीच चालू ठेवली. असलेली बरी, म्हटलं. ती चाचणी कुणी उघडलीदेखील नाही आणि मीही विसरून गेलो. प्रणाली मात्र विसरली नाही.

गुरुवारी बप्पांकडे वडवणीचे पाहुणे आले होते. प्रमोदला त्यांची मुलगी पसंत होती, मुलीला प्रमोद पसंत होता. आता फक्त मोठ्यांचं बोलणं व्हायचं होतं. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या, आणि बप्पांचा मोबाइल वाजला. चष्मा आतल्या खोलीत राहिलेला. बप्पांनी मोबाइल मुलीच्या वडिलांच्या हातात दिला.

"बघा बरं पाव्हणं, काय आलंय."

पाहुण्यांचा आवाज कीर्तनकाराचा. त्यांनी सगळ्या बैठकीला ऐकू जाईल असं वाचलं, "प्रिय विद्यार्थी, आपणास शून्य गुण मिळाले आहेत. आपली उपस्थिती व वर्तणूक असमाधानकारक आहे. पालकांना घेऊन भेटावे." खाली माझं नाव. पदवीसकट.

थोड्या वेळाने माहेरचा फोन आला आणि वर्षा मोबाइल हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"अहो, तुमी बप्पाला नापास कावून केलं?"

"मी नाही, संगणकानं केलं."

"संगणकाला बप्पाचा नंबर कुनी दिला?"

या प्रश्नाचं उत्तर देण्यापेक्षा काम करून दाखवावं, म्हणून मी घाईघाईने बप्पांचं नाव वर्गातून काढून टाकलं. नाव गेलं की विषय मिटला, अशी माझी समजूत. चहा गरम करेपर्यंत प्रमोदचा फोन आला.

"दाजी, आता मेसेज आलाय की बप्पाला वर्गातून काढून टाकलं. पाव्हण्यांनी त्यो बी वाचला."

"अरे, त्यांच्या हातात पुन्हा मोबाइल कशाला दिलात?"

"त्यांनी खाली ठिवलाच न्हाई. त्येंना आता लई गोडी लागलीया."

"काय म्हणतात?"

"म्हनत्यात, जावई एवढा शिकलेला मानूस. सासऱ्याला काढून टाकतोय म्हंजी कायतरी आसंल. घरी बोलून कळवतो म्हनले."

सोयरिकीत 'कळवतो' म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही समजतं. प्रमोदचा आवाज पार बसला होता. मला खरंच वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्याच्या भरात मी बप्पांना पुन्हा वर्गात घेतलं. त्यांना मेसेज गेला, "आपणास एक अखेरची संधी देण्यात येत आहे. वर्तणूक सुधारावी."

आता फोनवर स्वतः बप्पा आले.

"पाव्हणं, शनवारी येतो."

"मामा, कशाला त्रास घेता, अहो ते..."

"पालकाला घिऊन भेटा, आसं लिवलंय ना? येतो."

फोन बंद. वर्षाने विचारलं, "लई वरडले का?"

"नाही गं. अगदी शांत होते."

वर्षा मटकन खाली बसली. "मंग आपलं काय खरं न्हाई," ती म्हणाली.

शनिवारी कॉलेजच्या सभागृहात सगळे प्राध्यापक जमले. मागे पडद्यावर प्रणाली झळकत होती. मी घसा साफ करून पहिली टीप दिली, "विद्यार्थ्यांशी आपला संवाद नेहमी आपुलकीचा असावा." तेवढ्यात दार उघडलं.

आत आल्या त्या आक्का. आक्का म्हणजे बप्पांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा बप्पांना त्यांनीच वाढवलं. बप्पांना 'ए पोरा' म्हणणारं जगात आता एवढं एकच माणूस उरलंय. त्यांच्यामागे पांढऱ्याशुभ्र धोतरात बप्पा, त्यांच्यामागे प्रमोद आणि सगळ्यात मागे वडवणीचे पाहुणे. 'काय ते समोरासमोर होऊ द्या' म्हणत आक्कांनी त्यांना वाटेत घरून उचललं होतं.

"मास्तर कोन हितं?" आक्कांनी विचारलं.

सगळ्या प्राध्यापकांनी माझ्याकडे बोट केलं. स्टाफच्या बैठकीत एवढी एकी मी कधी पाहिली नव्हती.

"मी ह्याची पालक. काय केलं ह्यानं?"

"आक्का, त्यांनी काहीच केलं नाही."

"मंग नापास कावून केलं?"

"काहीच केलं नाही, म्हणूनच."

मागच्या रांगेत कुणाला तरी ठसका लागला. प्राचार्य लगबगीने खुर्ची घेऊन पुढे आले. आक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, हुबा ऱ्हाऊ द्या त्येला." आणि माजी सरपंच हात बांधून उभे राहिले.

मग मी पाहुण्यांकडे वळून सगळं सांगितलं. वर्ग खोटा, चाचणी खोटी, मेसेज आपोआप जाणारे, आणि मूर्खपणा तेवढा खरा. पाहुण्यांनी मान डोलावली, पण ती पटल्याची मान नव्हती. आक्कांनी निकाल दिला, "घ्या ह्याची परीक्षा. हितंच, सगळ्यांम्होरं."

बप्पा संगणकासमोर बसले. पहिला प्रश्न: माजलगावचं धरण कोणत्या नदीवर?

"सिंदफणा. ह्ये काय इचारनं झालं का?"

दुसरा: कर्कवृत्त भारतातल्या किती राज्यांतून जातं?

बप्पा गप्प. सभागृह गप्प. (मराठी विभागातले तर आधीपासूनच गप्प होते, त्यांनाही येत नव्हतं.) बप्पांच्या कपाळावर घाम आला. प्रमोदने डोळे मिटून घेतले. तेव्हा वडवणीचे पाहुणे उपरणं सारखं केल्यासारखं करत पुढे झुकले, आणि त्यांनी उपरण्याखालून हळूच आठ बोटं दाखवली.

"ओ पाव्हणं, हात खाली घ्या," आक्का कडाडल्या.

तोवर बप्पांनी आठवर बोट टेकवलं होतं. पडद्यावर मोठ्या हिरव्या अक्षरांत उमटलं, 'उत्तीर्ण. अभिनंदन.' सभागृहात टाळ्या पडल्या. बप्पा उठून पाहुण्यांसमोर गेले.

"लई उपकार झाले."

"त्येच्यात काय उपकार," पाहुणे म्हणाले. "व्याह्यासाठी एवढं करावंच लागतंय."

'व्याही' शब्द ऐकताच प्रमोदने हात जोडले. कुणाला, ते त्यालाही सांगता यायचं नाही. आक्कांनी पदराने डोळे टिपले आणि लगेच पाहुण्यांना दटावलं की कॉपी पुरवायची सवय बरी न्हाई. बप्पा जाता जाता माझ्याजवळ थांबले. खांद्यावर हात ठेवून, अगदी शांत आवाजात म्हणाले, "पाव्हणं, पुन्यांदा कुठं माजं नाव घालायचं आसंल, तर आदी इचारत जावा." मी हो म्हणालो.

मंडळी चहाला गेली. प्राचार्यांनी विचारलं, "प्राध्यापकांना काही शंका?"

तोपर्यंत एकाही प्राध्यापकाने काहीही लिहून घेतलं नव्हतं. आता एकदम सगळ्यांच्या वह्या उघडल्या. रसायनशास्त्राचे सर उठून उभे राहिले.

"सर, सासऱ्याला आसा मेसेज जातो, ते बटण कुठलं?"

मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "ते थोडं पुढचं आहे. सवडीने सांगेन."

तेव्हापासून ते रोज मला स्टाफरूममध्ये गाठतात, आणि मी रोज घाईत असतो. कारण त्या रांगेतलं ते बटण नेमकं कुठलं, हे मला अजूनही सापडलेलं नाही.