एफीवहिनीने न वाचलेलं पान

आमच्या एफीवहिनीकडे पुस्तक एकच, पण ते तिने दर हंगामाला एकदा असं एकोणीस वेळा वाचलं. तेही बोटींच्या वायरलेसवर! न्यूफाउंडलंडच्या आमच्या खाडीतल्या सहा बोटी शेवंडं पकडायचे पिंजरे ओढून झाले की बारा वाजता थांबायच्या. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ गार्लंड, काकवी लावलेला पाव काढायचा आणि वहिनी स्वयंपाकघरातून चार पानं वाचायची. दादा पक्का अक्षरशत्रू. मध्ये कोणी बोललं की खेकसायचा, "तोंड मिट की रे मेल्या!"

कादंबरीत टोबायस नावाचा खलाशी शेवटी बुडतो. पण पाण्यावरच्या माणसाला बुडण्याचं ऐकवायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. म्हणून वहिनीने ते पान गाळलं आणि मनानेच नवं रचलं: टोबायस घरी येतो, दार ढकलतो आणि म्हणतो, चहा टाक. तिने असं केलंय हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त दादाला नव्हतं. तो दरसाल खुशीत ओरडायचा, "बघ एफी, आला की नाही पठ्ठ्या!"

गेल्या वर्षी जूनमध्ये दादाची बोट सापडली. दादा नाही सापडला.

यंदा मीच शहाणपणा केला. वहिनीला म्हटलं, "वाच ना बारा वाजता. आम्हाला करमत नाही." खरं सांगतो, मला तो चहा मागणारा टोबायस ऐकायचा होता. दादा कुठल्यातरी किनाऱ्याला लागला असेल, हे वेड माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

तिने वाचलं. हंगामाच्या शेवटच्या दिवशी आम्ही इंजिनं बंद केली. ती अडखळली, आणि मग सरळ छापलेलं पान वाचू लागली. टोबायस बुडाला.

"वहिनी, काय करतेस! तो घरी येतो!" मी ओरडलो.

"टोबायसला कोणी पाहिलंय, भाऊजी? दार ढकलताना मला दरवेळी तुमचे दादाच दिसायचे, ओल्या बुटांसकट. आज खूप डोळे ताणले. दारात कोणीच दिसेना. मग काय वाचू?"

उत्तर द्यायला मी वायरलेसचं बटण दाबलं. मी हमसून हमसून रडलो, आणि ते सगळ्या बोटींनी ऐकलं.