कॅरिबियनच्या आधी वरवट बकालची विहीर

मंडळी, केस अजून ओले आहेत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही!

हिवाळ्यात मी कॅरिबियन बेटांवर स्कुबा डायव्हिंग शिकायला आणि पाण्याखाली फोटो काढायला चाललेय. तिकीट काढल्यापासून आई माझ्याशी धड बोलत नव्हती. आज कॅमेऱ्याचं नवं वॉटरप्रूफ कव्हर तपासायला माहेरी, वरवट बकालला गेले आणि दादाला सोबत घेऊन आमच्या मळ्यातल्या विहिरीत उतरले.

काठावरून आई ओरडली, "काऊन जीव धोक्यात घालून राह्यली वं? वर ये!"

मी बुडी मारली. माझ्या वर दादा पोहत होता आणि त्याच्या अंगावरून ऊन हिरव्या पाण्यात तिरपं उतरत होतं. दोन-तीन फोटो काढले. कव्हरमध्ये थेंबही शिरला नव्हता!

वर येऊन आईला फोटो दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली.

"लग्न होऊन आली तवापासून याच विहिरीचं पानी भरलं," ती म्हणाली, "पन आतून इतकी सुंदर असंन, असं वाटलंच नव्हतं." मग पदरानं माझं डोकं पुसत म्हणाली, "जाय. पन तिथले फोटो सगळ्यात आधी मले दाखवजो."

नाचायचीच बाकी होते मी! तुम्हाला असं 'जाय' कुणाच्या तोंडून ऐकायचंय?