वरचे सर आणि उतारावरचा ट्रक

जयपुरात ब्रेक दाबणाऱ्या प्रत्येक माणसावर वैयक्तिक राग धरून असलेला एकच गृहस्थ होता, आणि तो शास्त्री नगरात बरोबर माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहत होता. सगळी गल्ली त्यांना वरचे सर म्हणायची. मूळचे अमरावतीचे, इंजिनियरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांच्या खालच्या, पहिल्या मजल्यावरच्या खोलीतला भाडेकरू, बार्शीकडचा, विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका पंपांच्या कारखान्यात नोकरीला. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजात जाऊन पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे मी तेव्हाही भेटेल त्याला सांगायचो आणि आताही सांगतो, त्यात लाजायचं काय? सरांना पहिल्याच भेटीत सांगितलं तर ते म्हणाले, "ते ठीक आहे बे, पण तू जिना धडधडत काहून उतरतो? चढताना कमावलेलं सगळं उतरताना जमिनीला देऊन राहिला तू!"

सरांचं दुःख साधं होतं. गाडी वेगात आणायला डिझेल जळतं, आणि ती थांबवायची म्हटलं की तोच वेग ब्रेकमध्ये घासला जाऊन त्याची उष्णता होते आणि हवेत जाते. हे सगळ्यांना माहीत असतं, पण कुणाला त्याचं सुतक नसतं. सरांना असायचं. स्कूटरवरून जाताना पुढचा सिग्नल लाल दिसला की ते शंभर पावलं आधीच अ‍ॅक्सिलरेटर सोडायचे आणि तो हिरवा होईपर्यंत रस्त्यावर नुसते तरंगत राहायचे. मागचे लोक हॉर्न वाजवून दमायचे. रिक्षात बसले तर हातावर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला, आणि पाणी सांडलं की रिक्षावाल्याचा तास सुरू. सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांसमोरच्या गतिरोधकांना ते 'सरकारी शेगड्या' म्हणत. काकू सांगायच्या की लग्नाच्या वरातीत सरांनी घोडा थांबूच दिला नव्हता. बँडवाले नाचणाऱ्यांसाठी थांबले, तर नवरदेव त्यांच्याभोवती गोल गोल फिरत होता. "थांबवलेला घोडा पुन्हा चालवायला जास्तीचा दाणा लागतो म्हणे," काकू म्हणायच्या, "माझी वरमाला हातात सुकली तेवढ्यात."

त्या पेल्याचा आणखी एक उपयोग होता. सीकर रोडवर एखादा भरलेला ट्रक चहाच्या टपरीशी थांबला की सर जाऊन त्याच्या मागच्या चाकाच्या ब्रेकच्या ड्रमवर चार थेंब शिंपडायचे. चर्र आवाज व्हायचा. "ऐकलं? डिझेल रडून राहिलं." एकदा ट्रकचा मालकच टायर खोलायची टॉमी घेऊन उतरला. "बाबा, मेरी गाड़ी पे कौन सा टोटका कर रहे हो?" सरांनी त्याला अर्धा तास ऊर्जा समजावली. शेवटी त्याने टॉमी खाली ठेवली, चहा पाजला, आणि जाताना चाकाला लिंबू-मिरची बांधून गेला.

तर हे रडणारं डिझेल गोळा करायचं सरांनी मनावर घेतलं. ट्रकच्या इंजिनाला एक विजेची मोटर जोडायची. उतारावर चाकांनी मोटर फिरवायची, मोटरने बॅटऱ्या भरायच्या, आणि चढावर त्याच बॅटऱ्यांनी इंजिनाला हात द्यायचा. दोन हजारच्या दशकातली गोष्ट. हायब्रिड हा शब्द आमच्याकडे तेव्हा फक्त ज्वारीला लागायचा, मी घरी सांगितलं तर आईने विचारलं, "एकरी किती उतरतो?" विश्वकर्मात एक पत्र्याची शेड भाड्याने घेतलेली. चोवीस बॅटऱ्या जमल्या, त्यातल्या दोन आमच्या बिल्डिंगच्या इन्व्हर्टरच्या होत्या, हे वीज गेल्यावर सगळ्यांना कळलं. दर रविवारी मी पाना घेऊन सरांबरोबर. संगमरवराचा धंदा करणाऱ्या एका शेठजींनी आपला एक ट्रक दिला, पण दोनच खेपांसाठी. आणि काकूंनी निकाल देऊन ठेवला होता: "हा ट्रक चालला तर जयपूर. नाही तर गुपचूप पुण्याला मुलीकडे." सरांना पुणं नको होतं. "मुलीच्या फ्लॅटमध्ये मी काय करू? लिफ्टला ब्रेक असतात, तेही दिसत नाहीत."

पहिली खेप उदयपूरच्या बाजूची, भरपूर चढउतारांची. तिसऱ्या दिवशी ट्रक परत आला तो बॅटऱ्या ठार रिकाम्या घेऊन. डिझेल नेहमीपेक्षा जास्तच प्यायला होता. आमच्या बॅटऱ्यांचं ओझं फुकट वाहिलं होतं ना! सर हिशोबाची वही घेऊन शेडमध्ये फरशीवर बसले. एकेक तार तपासली. मोटर ठीक, बॅटऱ्या ठीक, गणित ठीक. दुपारी ड्रायव्हर आपली चादर न्यायला आला. पन्नाशीचा, सगळे त्याला उस्तादजी म्हणत. सरांनी सहज विचारलं, "उस्तादजी, ढलान पे कौन से गियर में थे?"

उस्तादजी सरांकडे असे बघायला लागले, जणू त्यांनी भात कुठल्या कानाने खाता असं विचारलंय. "ढलान पे गियर? साहब, ढलान पे तो न्यूट्रल। डीज़ल क्या मुफ़्त आता है?"

आमची मोटर होती गिअरबॉक्सच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला. गाडी न्यूट्रलला टाकली की चाकांचा आणि मोटरचा संबंधच तुटतो. म्हणजे ज्या उतारांसाठी सगळा खटाटोप, त्या प्रत्येक उतारावर उस्तादजींनी इमानेइतबारे डिझेल वाचवत आमची मोटर झोपवून ठेवली होती.

आणि मला हे माहीत होतं. मी तसं म्हणालो, तेव्हा सरांनी चष्मा काढला. "तुला कसं?"

"आमचे दादा, म्हणजे वडील, ट्रकच चालवायचे, सर. तीस वर्षं. उतार लागला की न्यूट्रल, लहानपणी शेजारी बसून बघितलंय."

"अन् दीड वर्ष तू हे सांगितलं नाही?"

"दादा काय करतात ते तुम्हाला सांगितलं होतं की."

"कसं करतात ते नाही सांगितलं!"

खरं होतं. बाप ड्रायव्हर आहे हे मी छाती काढून सांगायचो. पण बापाला जे येतं ते इंजिनियरिंग आहे, हे मला चार वर्षं शिकूनही कळलं नव्हतं. सरांनी तिथेच माझा मोबाइल घेऊन बार्शीला फोन लावला. पलीकडून दादांचा आवाज मलाही ऐकू येत होता, कारण दादा फोनवर नेहमी पलीकडच्या गावाशी बोलल्यासारखं बोलतात. "साहेब, मी अडाणी मानूस, मी काय सांगणार?" आणि मग पाऊण तास सांगत होते: कुठल्या उताराला गाडी सोडायची, कुठे पाय नुसता ठेवायचा, ब्रेक तापल्याचा वास कसा येतो. सर वहीत लिहीत होते आणि मधेमधे "हो दादा, मग?" म्हणत होते. माझ्या बापाला इंजिनियर माणूस आयुष्यात पहिल्यांदा काही विचारत होता. मी उगाच बाहेर जाऊन पाने पुसत बसलो.

मी म्हटलं, उस्तादजींना गिअरमध्ये उतरायला शिकवू. सर म्हणाले, "इतक्या वर्षांचा हात बदलण्यापेक्षा मोटर हलवणं सोपं आहे बे." महिनाभर खपून आम्ही मोटर गिअरबॉक्सच्या मागे, चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर नेली. आता गाडी न्यूट्रलला असो की गिअरला, ब्रेकवर नुसता पाय ठेवला की मोटर चाकांना धरणार. दुसरी खेप आली. बॅटऱ्या जवळजवळ भरलेल्या, डिझेल वाचलेलं. उस्तादजी म्हणाले, "ऐसा लगा साहब, ढलान पे किसी ने पीछे से कुर्ता पकड़ लिया।" सरांनी ड्रमवर पाणी शिंपडलं. चर्र झालं नाही. त्यांनी पुन्हा शिंपडलं, मग पेल्यातलं उरलेलं पिऊन टाकलं आणि बार्शीला फोन लावून दादांना मोटर मागे नेल्याचं सांगितलं.

शेठजींनी ट्रकला प्रदक्षिणा घातली, बॅटऱ्यांचा ढिगारा पाहिला आणि हात जोडले. "प्रोफ़ेसर साहब, ट्रक तो आपका चल गया। अब मैं पत्थर कहाँ रखूँ?" टनभर वजन आणि तेवढी जागा बॅटऱ्यांनीच खाल्ली होती, आणि त्या काळात त्याहून हलक्या बॅटऱ्या आमच्या ऐपतीत नव्हत्या. बिल्डिंगच्या दोन बॅटऱ्या सरांनी स्वतः जिन्यावरून वर नेऊन परत बसवल्या. काकूंनी सामान बांधायला घेतलं, पण हळूहळू. ट्रक चालला होता हे त्यांनाही ठाऊक होतं, पण तिसरी खेप मिळणार नव्हती. स्टेशनवर गाडी सुटताना सर खिडकीतून ओरडले, "एवढ्या टनांची गाडी, अन् पुण्यापर्यंत किती वेळा थांबते बघ!"

सर वारले त्यालाही आता काही वर्षं झाली. मागच्या महिन्यात आमच्या कारखान्याच्या आवारात मोटर बसवलेला एक नवा ट्रक आला. सगळे जेवायला गेल्यावर मी पेला भरून आणला आणि ड्रमवर चार थेंब शिंपडले. आवाज नाही. सवयीने सरांना फोन करायला हात खिशात गेला, आणि मग मी दादांना लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पलीकडच्या गावाला सांगितल्यासारखे म्हणाले, "ड्रम गार लागला का? मग सरांनी सांगितलं तसं मोटर मागंच बसवली असंल बघ."