कापलेल्या गवताचं काय करायचं

मी गाव सोडलं त्या दिवशी आबा मला निरोप द्यायला आला नव्हता. तो मेंढरं घेऊन निघाला होता आणि मी नेमका त्याच वाटेनं चाललो होतो, असं तो शेवटपर्यंत म्हणायचा. आटपाडीच्या अलीकडं मोटारीच्या रस्त्यापर्यंत पाच मैल आम्ही दोघं चाललो, पुढं मेंढरं. युद्धाचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून कोळशाच्या गॅसवरची मोटार यायची. पाठीमागं भट्टी, आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं. मोटार दिसली तसा आबा म्हणाला, "साताऱ्याकडं गवत लय असतंय म्हंत्यात. खरं का खोटं, बगून कळीव." बस्स, एवढंच! लोकांचे बाप पोराला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतात. माझ्या बापानं मला गवताची चौकशी करायला धाडलं.

पोरांनो, हे मी तुमच्यासाठी लिहितोय. तुम्ही माझ्या थोरल्या भावाची पोरं, आणि अजून माझ्या तोंडावर म्हणता, "तात्या, तुमीच आज्याला साताऱ्यात अडकवून ठिवलं." तुमचा बाप त्याला न्यायला आला असताना तो का गेला नाही, हे तुम्हाला कुणी नीट सांगितलेलंच नाही. एकदाचं सांगून टाकतो. आपल्याकडून पोटामागं साताऱ्या-सांगलीला गेलेल्यांनीही वाचावं. त्यांना फार फोड करून सांगावं लागणार नाही.

मला काम मिळालं ते साताऱ्याच्या सदर बझारात, एका निवृत्त इंजिनिअरसाहेबांच्या बंगल्यावर. माळ्याचं काम. साहेब आपलेच मराठी, पण तरुणपणी विलायतेत शिकून आलेले, आणि तिथून येताना लॉनचं वेड घेऊन आलेले. लॉन म्हणजे बंगल्यासमोर गवत वाढवायचं आणि वाढलं की कापायचं. पुन्हा वाढवायचं, पुन्हा कापायचं! गवत कुठलं, तर हरळी. कृष्णाकाठच्या ऊसवाल्याला विचारा हरळी म्हणजे काय ते. ती रानात शिरली की तो कुदळ घेऊन शिव्या देत तिच्या मुळावर उठतो. तीच हरळी साहेबांनी मुद्दाम लावून घेतली होती आणि तिला पाणी पाजायला मला पगार होता. पहिले आठ दिवस मला वाटलं, माणूस भला आहे, पण डोक्यात काहीतरी ढिलं झालंय.

कापायचं मशीन हातानं ढकलायचं होतं. दोन चाकांच्या मध्ये पात्यांचा रूळ गरगर फिरायचा आणि कापलेलं गवत उडून पुढच्या पत्र्याच्या डब्यात पडायचं. पहिल्या दिवशी डबा भरला आणि मी तो हातात धरून उभाच राहिलो. कोवळं, ओलं, हिरवंगार गवत, आणि खाणारं तोंड एकही नाही. साहेब म्हणाले, "टाकून दे मागं." टाकून दे! आमच्याकडं एवढ्या गवतासाठी भावाभावांत डोकी फुटली असती. मी आबाला कार्ड लिहवून घेतलं, "गवत हाय. लय हाय. टाकून देत्यात." पुढं साहेबांच्या मंडळींनी, म्हणजे बाईसाहेबांनी, मला अक्षरं शिकवली, पण ते पहिलं कार्ड पोस्टाबाहेर बसणाऱ्यानं लिहिलं होतं, आणि लिहिताना तोही हसला होता.

दोन वर्षांनी तिकडं पाऊसच झाला नाही. तुम्ही लहान होता, तुम्हाला आठवायचं नाही. विहिरीचा तळ दिसला. तुमचा बाप तुम्हाला घेऊन सांगलीकडं उसाच्या कामाला गेला. आबाची मेंढरं कुणी विकत घेईना, काही वाटेत मेली. आणि एका सकाळी आबा बंगल्याच्या मागच्या फाटकाशी उभा. खांद्यावर घोंगडं, पायांना चिरा पडलेल्या आणि पुढं चार मेंढ्या. आटपाडीहून साताऱ्यापर्यंत चालत. मी रडलो. तो म्हणाला, "रडतुस कशाला? कार्ड तूच धाडलं हुतंस न्हवं?"

साहेबांनी मागच्या खोलीत राहू दिलं. डब्यातलं गवत मेंढ्यांना घालायला हो म्हणाले. आबाला मी विचारलं, आता इथंच राहशील ना? तो म्हणाला, "ही चार हायत तवर मी हाय. ही गेली की मी कशाला ऱ्हातो?" हे बोलणं तो सहज बोलला, पण मी ते धरून बसलो. आई आधीच गेली होती. मेंढ्यांना गवत मिळालं तर बाप राहील, नाही मिळालं तर तो त्या करपलेल्या माळावर परत जाईल आणि परत गेला तर जगणार नाही. इतका साधा हिशेब होता. दिवसभर मी मशीन ढकलायचो आणि डबा भरताना बघून मला बरं वाटायचं.

वर्षभरात लॉन विरळ झालं. मधेमधे माती दिसायला लागली. साहेबांनी पुस्तकं काढली, चष्मा लावून वाचली आणि मला बोलावलं. "बिरू, चूक सापडली. उद्यापासून डबा लावायचा नाही. कापलेलं गवत तिथंच पडू दे. ते कुजतं आणि त्याचंच खत होतं. आपण नुसतं नेतोय, म्हणून जमीन उपाशी पडलीय." मी "जी" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण खोलीवर येऊन आबाला काही सांगितलं नाही.

आता मी काय केलं ते सांगतो, आणि सांगताना अजून लाज वाटते. साहेब सकाळी किल्ल्याच्या पायथ्याला फिरायला जायचे. ते गेले की मी डबा न लावता मशीन फिरवायचो, म्हणजे हुकूम पाळला. मग खराटा घेऊन पडलेलं सगळं गवत झाडायचो, पोत्यात भरायचो आणि मागं न्यायचो. साहेब परत यायचे तेव्हा लॉन लख्ख! साहेब वाकून बघायचे, बोटानं चाचपायचे. "कमाल आहे," म्हणायचे. "विलायतेत कुजायला पंधरा दिवस लागतात, आपल्या हवेत एका तासात कुजलं!" पाहुण्यांनाही कौतुकानं सांगायचे. मी मान खाली घालून कुंड्यांना पाणी घालत असायचो. हसू यायचं आणि भीतीही वाटायची. लॉन मात्र आणखी विरळ होत चाललं होतं, आणि ते का, हे त्या घरात मला एकट्यालाच माहीत होतं.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी कदाचित खपून गेलं असतं. पण आपण दुष्काळी मुलखातली माणसं, चार दिवस बरे आले की पाचव्याची धास्ती. पावसाळ्यात गवत मेंढ्यांना खाऊन उरायला लागलं. मी म्हटलं, उन्हाळ्याला साठवू. कडब्याची गंज कशी रचतात हे मला कुणी शिकवायला नको होतं. पत्र्याच्या शेडात थरावर थर घातले, पायांनी दाबले, वरून पोती टाकली. आता कडबा कसा असतो? खडखडीत वाळलेला. आणि हे होतं ओलं, बारीक, चिकट. ओलं गवत साठवायची वेळ आमच्या सात पिढ्यांत कुणावर आली नव्हती, मग ते तापतं हे मला कोण सांगणार?

पाचव्या दिवशी मी बाजारातून आलो तर मागं आरडाओरड. आबाला वाटलं पोरानं बेगमी केलीय, म्हणून त्यानं ढिगाच्या पोटातलं गवत उपसून एका मेंढीला घातलं होतं. तिचं पोट ढोलासारखं फुगलं होतं. आबा पोटातला वारा निघावा म्हणून तिच्या तोंडात आडवी काडी धरून तिला चालवत होता आणि "तेल आण, तेल आण रं!" म्हणून ओरडत होता. बाईसाहेब स्वतः गोड्या तेलाची बाटली घेऊन धावल्या. त्यांच्यामागून साहेब. मेंढी वाचली, पण तोवर साहेबांचं लक्ष शेडाकडं गेलं होतं. ढिगातून वाफ निघत होती. त्यांनी हातातली काठी आत खुपसली, बाहेर काढली, टोकाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. मग माझ्याकडं बघितलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "इथं कुजतंय होय ते!"

आबानं मला तिथंच, सगळ्यांसमोर विचारलं. "गवत उचलू नगं म्हणून साहेबांनी सांगितलं हुतं?"

"व्हय."

"आन् तरी तू उचाललंस?"

"तुझ्यासाठी उचाललं, आबा."

त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "जाईल त्या गावात धनगराला चोर म्हंत्यात. मी जलमभर इचारल्याबिगार कुणाच्या बांधावर पाय न्हाई ठिवला. आन् माज्या मेंढरांच्या तोंडात तू चोरीचा चारा घातलास?" खोलीत गेला, घोंगडं खांद्यावर टाकून बाहेर आला. मी त्याचे पाय धरले. बाईसाहेबांनीही "आबा, असं काय करता?" म्हणून बघितलं. तो साहेबांपुढं जाऊन उभा राहिला. "साहेब, पोरानं तुमच्या रानातलं खाल्लं. ते परत घालतो आन् मग जातो."

"परत कसं घालणार?" साहेबांनी विचारलं.

"मेंढरं बशीवतो."

साहेबांना ते ठाऊक नव्हतं. आपल्याकडं शेतकरी धनगराला बोलावून मेंढरं रात्रभर आपल्या शेतात बसवतो. लेंड्या आणि मुतानं जमीन कसदार होते, बदल्यात धनगराला धान्य मिळतं. आबानं हे सांगितलं तशा बाईसाहेब कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अहो, लॉनवर मेंढ्या? पाहुणे काय म्हणतील?" पण साहेबांच्या अंगातला इंजिनिअर जागा झाला. त्यांनी वही काढली, लॉनचा नकाशा काढला, खुंट्या आणि सुतळी मागवली. चार मेंढ्यांना पुरेल एवढा चौकोन आखायचा, संध्याकाळी मेंढ्या आत, सकाळी बाहेर, दुसऱ्या दिवशी पुढचा चौकोन. एक बाजू अशी. उरलेल्या बाजूला पुस्तकाप्रमाणं कापलेलं गवत तसंच पडू द्यायचं, आणि या खेपेला मी खरंच पडू दिलं. आबाच्या बाजूचं गवत साहेबांनी मेंढ्यांना मोकळं केलं. "हे मी देतोय, आबा. विचारून घेतलेलं आहे," असं त्यांनी मुद्दाम म्हटलं.

महिन्या-दीड महिन्यात दोन्ही बाजू भरल्या. गवत पडू दिलेली बाजू एकसारखी हिरवी, आणि आबाच्या बाजूला वाकळेच्या ठिगळांसारखे गडद चौकोन. कोणती बाजू चांगली यावर साहेब आणि आबा रोज वाद घालायचे. साहेब फुटपट्टी लावून मोजायचे, आबा पट्टीकडं बघायचाच नाही. "पट्टीला काय कळतंय? मेंढीला इचारा," म्हणायचा. देणं फिटलं होतं, तरी जाण्याचा विषय तो काढेना आणि मीही काढला नाही. उगाच कशाला आठवण करून द्या?

पुढच्या वर्षी तिकडं पाऊस झाला. तुमचा बाप आबाला न्यायला आला. "आबा, चल. हिरीला पाणी आलंय, माळ हिरवा झालाय. चाराची चाळीस करू." मला वाटलं, झालं, गेला आता. तुमच्या बापाचा, दादाचा, हक्क थोरल्याचा, आणि ते गाव आबाचं. माझ्याकडं काय होतं? एक खोली, तीही साहेबांची. खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी साताऱ्यातलं जे मिळेल ते उचलून आपल्या माणसांकडं ओढत होतो. इथं काही ठेवावं असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आबा लॉनच्या कडेला उकिडवा बसला होता. एका गडद चौकोनावरून त्यानं हात फिरवला. मग दादाला म्हणाला, "जलमभर लोकांच्या रानात मेंढरं बशीवली रं. सकाळ झाली की उठून म्होरल्या गावाला. मागं त्या रानात काय उगवलं, जोंधळा आला का करडई आली, कवाच बगितलं न्हाई. पयल्यांदा बगतोय. मला बगू दे की."

 दादा त्याच्याशेजारी बसला आणि तोही ते चौकोन बघायला लागला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला, हे तुम्हाला माहीत आहे. रागावून गेला नाही, हे मात्र तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मला आता कुणी घर कुठं म्हणून विचारलं की मी आटपाडीच सांगतो, जीभच तशी वळते. पण माझा बाप ज्या जमिनीवर पहिल्यांदा थांबला, ती साताऱ्यातली होती.