साडूने मोडलेला सौदा

जळगाव ते धुळे या पट्ट्यात माझ्या साडूइतका शिकलेला आणि सौद्याला इतका निरुपयोगी दुसरा माणूस नाही, हे मी कुणालाही लिहून देईन. मी पोती उचलत डाळमिल उभी केली. तो धुळ्याच्या देवपुरात इंजिनिअर झाला, पुण्यात आणखी शिकला, परदेशात नोकरी करून परतला आणि जळगावच्या पिंप्राळ्यात त्याने कंपनी काढली. पहिला माल म्हणजे पाण्याची टाकी भरली की अहिराणीत ओरडणारं यंत्र. "टाकी भरनी, मोटर बंद करा." एका घरात ते ओरडलं की अख्खी कॉलनी आपापली मोटर बंद करायला धावायची. लोक भांडायला आले तर हा खूश. म्हणाला, "नाना, आवाज पोचतोय, निम्मं काम झालं." ती कंपनी बुडाली, पुढची बुडाली, मग त्याने कार्डावर 'इनोव्हेशन कन्सल्टंट' छापलं. पण सगळा सल्ला पहिल्या चहालाच देऊन मोकळा होतो, मग दुसऱ्यांदा कोण बोलावणार?

गेल्या वर्षी माझ्या डाळीत खडे निघाले. मोठ्या व्यापाऱ्याने दोन गाड्या परत पाठवल्या. तिसरी परत आली असती तर मिलला कुलूपच लागलं असतं. निवडणाऱ्या बायांऐवजी कॅमेऱ्याने खडा टिपणारं मशीन घ्यायचं मी ठरवलं आणि विकणाऱ्याशी तीन दिवस घासाघीस केली. आमच्यात सौद्याला सोबत एक 'नको' म्हणणारा माणूस नेतात. आपण खाकरलो की त्याने म्हणायचं, "चला, नको हे." मग भाव उतरतो. त्या कामाला मी साडूला बसवलं. मी खाकरलो, तो "नको" म्हणाला. इथवर ठीक. पण पुढे अर्धा तास त्याने कागदावर आकृत्या काढून माझ्या एवढ्याशा मिलला ते खरंच का नको हे समजावलं. शेवटी विकणाऱ्यालाही पटलं. त्याने बॅग आवरली आणि जाताना याचाच नंबर घेतला.

मी मिल डोक्यावर घेतली. "एका शब्दाचं काम होतं तुझं."

"तो शब्द खरा निघाला, नाना," असं म्हणून तो बायांमध्ये डाळ निवडायला जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सगळ्यांचे डोळे तपासून घ्या."

"कुणाला दिसत नाही ते सांग, तिला काढतो."

"म्हणूनच सगळ्यांचे."

नाव काही त्याने सांगितलं नाही. तपासणीत निम्म्या जणींना चष्मे लागले. वीस वर्षं माझ्याकडे असलेली कमलअक्का नवा चष्मा पुसत म्हणाली, "माले खडा दिखत नव्हता, शेठ. त्या भाऊले मी सांगेल व्हतं. तुमले सांगानी हिंमत व्हयनी नही."

तिसरी गाडी पास झाली. मी धुळ्याला घरी परतलेल्या साडूला फोन लावला. आभार मानायचे होते, तोंडातून निघालं, "तुझ्यामुळे तो मशीनवाला आता माझा फोन उचलत नाही."

"बाया चष्मे लावतात ना?" त्याने विचारलं.

"लावतात."

"मग बरं."

सौदा मोडल्याचा राग मी त्याला अजून ऐकवतो आणि तो हसतो. पण वीस वर्षांत मला जे कळलं नाही, ते अक्काने त्याला दोन दिवसांत सांगितलं. तो राग वेगळा आहे, आणि तो कुणावर काढायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.